'अमेरिकन फिक्शन': प्रेक्षक कुठे हसतात, कुठे गप्प होतात, आणि नंतरची चर्चा कशी घ्यावी?

पारिजात_७ (प्रश्न)

कॉर्ड जेफरसनचा 'अमेरिकन फिक्शन' (२०२३) पंचवीसेक जणांना दाखवायचा आहे. सिनेमा ११७ मिनिटांचा, त्यानंतर चर्चेला पाऊण तास. तयारी म्हणून प्रेक्षकांच्या बऱ्याच प्रतिक्रिया वाचल्या, तर त्या एकमेकींशी जुळतच नाहीत. काही जण पोट धरून हसले, प्रकाशकांची चांगली जिरवली म्हणून खूश आहेत. काही म्हणतात, जाहिरातीत उपहास दाखवला आणि पडद्यावर निघाली आजारी आई, बहिणीचा मृत्यू आणि पैशांची ओढाताण. आणि काही जण चक्क रागावलेत: गोऱ्या प्रेक्षकावर टीका केल्यासारखं दाखवायचं, पण त्याला कुठेही लागू द्यायचं नाही, असा हा सिनेमा आहे असं त्यांचं म्हणणं. शेवटाबद्दल तर सगळेच गोंधळलेले.

न पाहिलेल्यांसाठी: थेलोनियस एलिसन, टोपणनाव मंक, हा कृष्णवर्णीय प्राध्यापक आणि कादंबरीकार. त्याची हस्तलिखितं 'पुरेशी काळी नाहीत' म्हणून परत येतात. एस्किलसच्या 'पर्शियन्स' या प्राचीन ग्रीक नाटकावर बेतलेल्या लेखनाचा आफ्रिकन-अमेरिकन अनुभवाशी संबंध काय, असं त्याला विचारलं जातं. चिडून तो स्टॅग आर. ली या खोट्या नावाने बंदुका, ड्रग्ज, पळून गेलेला बाप असा सगळा ठरलेला मसाला घालून 'माय पॅफॉलॉजी' लिहितो. तिला साडेसात लाख डॉलर आगाऊ मिळतात, पुढे सिनेमाच्या हक्कांचे चाळीस लाख. यापुढे शेवटासकट सगळं उघड होईल, तेव्हा जपून वाचा.

मला हवंय ते असं: या प्रतिक्रिया इतक्या वेगळ्या का पडतात? कुठल्या प्रसंगांवर थांबून बोलावं? आणि चर्चा घसरते कुठे?

तिसरी_रांग

सुरुवात तुमच्या दुसऱ्या गटापासून करा, कारण सिनेमाची बांधणी तिथेच कळते. उपहासाचा भाग आणि कुटुंबाचा भाग अशा दोन कथा शेजारी-शेजारी चालतात. कुटुंब बॉस्टनचं, सुखवस्तू. बहीण लिसा डॉक्टर, भाऊ क्लिफ प्लॅस्टिक सर्जन, समुद्राकाठी जुनं घर, वडिलांनी केलेली आत्महत्या, आईला अल्झायमर. घरकाम बघणारी लॉरेन उतारवयात लग्न करते. ही कथा मंकने कादंबरी म्हणून पाठवली असती तर प्रकाशकांनी नाकारली असती. त्यात 'विकण्यासारखं' काही नाही. आता जो प्रेक्षक म्हणतो की घरातलं पुरे, पुन्हा त्या खोट्या पुस्तकाकडे चला, तो नकळत त्या प्रकाशकाच्याच खुर्चीत बसलेला असतो. चर्चेत हे लक्षात आणून देता आलं तर अर्धं काम झालं.

पण सगळ्या तक्रारींना हे उत्तर पुरत नाही, हेही मान्य करा. दोन कथांमधला सांधा काही ठिकाणी खरोखर कच्चा आहे. लिसा लवकर जाते आणि तिच्याबरोबर घरातलं सगळ्यात जिवंत बोलणं जातं. मंक पैशांसाठी पुस्तक पुढे रेटतो, हा दुवा आईच्या देखभालीच्या खर्चावर टेकलेला आहे. तो खर्च एक-दोन प्रसंगांत सांगून संपतो, त्यामुळे मंकची निकड मनात पुरेशी मुरत नाही.

हसण्याबद्दल. तीन प्रसंगांतलं हसू वेगवेगळ्या जातीचं आहे.

पहिला प्रसंग वर्गातला. फळ्यावर अमेरिकन लेखिका फ्लॅनरी ओ'कॉनरच्या १९५५ सालच्या एका कथेचं शीर्षक आहे, त्यात कृष्णवर्णीयांसाठीची शिवी आहे. गोरी विद्यार्थिनी तो शब्द डोळ्यांसमोर नको म्हणते. मंक सांगतो की मला तो पचवता आला, तुलाही येईल. इथे सगळं सभागृह हसतं, आणि हसू सोपं आहे, कारण प्रत्येकाला वाटतं की ती मुलगी म्हणजे आपण नव्हे.

दुसरा प्रसंग फोनवरचा. एजंट आर्थरच्या खोलीतून मंक स्टॅग ली बनून प्रकाशकांशी बोलतो, मंकचं काम करणारा जेफ्री राइट आवाज जड करतो, शब्द तोडतो. हसू प्रकाशकांच्या भाबडेपणावर यावं अशी अपेक्षा आहे. पण सभागृहात काही जण त्या आवाजालाच हसतात. बाहेरून दोन्ही हसणी सारखीच ऐकू येतात, त्यामुळे दिग्दर्शकाच्या हातात इथे फार काही उरत नाही. तुमच्या चर्चेतला सगळ्यात मोलाचा प्रश्न मला इथे दिसतो: 'आपण नक्की कशाला हसलो?'

तिसरा प्रसंग परीक्षक मंडळाचा. मंक ज्या साहित्य पुरस्काराचा परीक्षक आहे, त्याच पुरस्कारासाठी त्याचं बनावट पुस्तक येतं; ते त्याचं आहे हे बाकी परीक्षकांना माहीत नाही. पाच परीक्षक, तीन गोरे, दोन कृष्णवर्णीय: मंक आणि लेखिका सिंटारा गोल्डन. दोघांचंही मत स्टॅग लीच्या पुस्तकाविरुद्ध. तिघं बाजूने. तीन विरुद्ध दोन असा निकाल लागतो आणि वर एक परीक्षक सांगते की सध्या कृष्णवर्णीयांचा आवाज ऐकणं फार गरजेचं आहे. इथे हसू येतं आणि लगेच थांबतं. ज्या खोलीत ते थांबत नाही, तिथे प्रसंग पुन्हा लावून दाखवावा.

शब्दखूण

भाषेचा भाग कुणी सांगत नाही म्हणून लिहितो. प्रतिक्रियांमधला बराचसा फरक भाषेमुळेच पडतो, आणि मराठी प्रेक्षकाला तर विनोदाचा अर्धा भाग ऐकूच येत नाही.

'पॅफॉलॉजी' हा 'पॅथॉलॉजी'चा अपभ्रंश. शब्दाच्या मधल्या किंवा शेवटच्या 'थ'च्या जागी 'फ' येणं हे आफ्रिकन-अमेरिकन इंग्रजीच्या उच्चारात खरंच आढळतं. मंकने ते शीर्षकात आणून वर 'रोग' हा अर्थ ठेवलाय, म्हणजे कृष्णवर्णीय आयुष्याकडे आजार म्हणून बघायची प्रकाशकांची सवय शीर्षकातच पकडली आहे.

सिंटाराच्या पुस्तकाचं नाव, 'वुईज लिव्ह्ज इन दा घेटो', वेगळ्या कारणाने खटकतं. आफ्रिकन-अमेरिकन इंग्रजीला स्वतःचं काटेकोर व्याकरण आहे. 'शी बी वर्किंग' म्हणजे ती नेहमी कामावर जाते, आणि 'शी वर्किंग' म्हणजे आत्ता कामात आहे. यांची अदलाबदल चालत नाही. सिंटाराच्या शीर्षकात सर्वनाम आणि क्रियापद दोन्हींना 'ज' जोडलाय, तो अशुद्ध वाटावा म्हणून. ती बोली कानावर असलेल्याला शीर्षक ऐकताक्षणीच बनावट वाटतं. बाकीच्यांना ते 'अस्सल' वाटतं, आणि ती पुस्तकातला उतारा वाचते तेव्हा पडद्यावरचे गोरे श्रोते उभं राहून टाळ्या वाजवतात. त्या वेळी एक बाई मंकच्या समोरच उभी राहते आणि त्याला व्यासपीठ दिसेनासं होतं. ही चौकट चर्चेत दाखवा.

नावांचंही असंच. थेलोनियस मंक हा जॅझ पियानोवादक आणि राल्फ एलिसन हा कादंबरीकार, दोघांची नावं नायकाला दिली आहेत. 'स्टॅग आर. ली' भरभर म्हटलं की 'स्टॅगर ली' होतं. १८९५च्या नाताळात सेंट लुईसमध्ये ली शेल्टन नावाच्या माणसाने टोपीवरून झालेल्या भांडणात बिली लायन्सला गोळी घातली. त्यावर कित्येक लोकगीतं झाली आणि स्टॅगर ली हे नाव दंतकथेतल्या गुंडाचं बनलं. प्रकाशक हे नाव कुठल्याही शंकेशिवाय गिळतात, म्हणजे ज्या संस्कृतीचं पुस्तक म्हणून ते मिरवतात तिची साधी ओळखही त्यांना नाही.

मराठी सबटायटल करणार असाल तर एक चूक हमखास होते. स्टॅग लीच्या तोंडी एखादी मराठी बोली घालू नका. बोली घातली की प्रेक्षक त्या बोलीच्या माणसांना हसायला लागतो आणि सिनेमा भलत्याच समाजावर जाऊन पडतो. प्रमाण मराठीच ठेवा, वाक्यं तुटक करा, शिव्या जशाच्या तशा राहू द्या. सबटायटल दोन ओळींचं, ओळीला चाळीसेक अक्षरं. एवढ्या जागेत शब्दखेळ समजावणं शक्य नाही. त्यापेक्षा नावांबद्दलची अर्ध्या पानाची टीप सिनेमाआधी वाटा.

आणखी एक. मंक सौदा मोडावा म्हणून पुस्तकाचं नाव बदलून नुसती चार अक्षरी इंग्रजी शिवी ठेवायची मागणी करतो. प्रकाशक जरा कचरतात आणि मान्य करतात. ती शिवी सबटायटलमध्ये फुल्या मारून छापली तर पुढचे पाच-सहा विनोद फुकट जातात.

जुनी_आवृत्ती

सिनेमा पर्सिव्हल एव्हरेट यांच्या 'इरेजर' या २००१ सालच्या कादंबरीवर आहे. रागावलेल्या गटाचा मुद्दा समजायला दोन्हींतला फरक माहीत हवा.

कादंबरीत 'माय पॅफॉलॉजी' पूर्ण छापलेली आहे. वाचकाला ती मधोमध वाचावीच लागते, सुटका नाही. ती रिचर्ड राइट यांच्या १९४० सालच्या 'नेटिव्ह सन' या कादंबरीचं विडंबन आहे. वाचताना आधी हसू येतं, मग कंटाळा, मग अस्वस्थता, आणि वाईट म्हणजे मध्येच कुठेतरी आपण कथेत गुंतलोय असं कळतं. सिनेमात यातलं फारसं काही उरत नाही. मंक टेबलाशी बसून लिहितो, पात्रं त्याच्या खोलीत उभी राहून संवाद म्हणतात, मध्येच थांबून त्याला विचारतात की आता मी काय बोलू. कीथ डेव्हिड आणि ओकिरिएटे ओनाओडोवान यांनी हा प्रसंग सुंदर केलाय, पण तो एकदाच येतो. परिणाम असा की बनावट पुस्तकाच्या मोहात प्रेक्षक स्वतः पडतच नाही. तो बाहेर राहून, मोहात पडणाऱ्यांना हसतो. सिनेमा मवाळ वाटतो तो इथे.

दुसरा फरक लिसाच्या मृत्यूचा. कादंबरीत ती गर्भपाताच्या सेवा देणाऱ्या दवाखान्यात काम करते आणि तिची हत्या होते. सिनेमात हृदयविकाराचा झटका येतो. दिग्दर्शकाने हिंसा काढून टाकली, कारण कृष्णवर्णीय कुटुंबाची गोष्ट गोळीबाराशिवाय सांगायची होती, असं मला वाटतं. निवड पटते. पण किंमत मोजावी लागली: कादंबरीतला राजकीय ताण घरापर्यंत पोचतो, सिनेमातला प्रकाशकाच्या कार्यालयातच थांबतो.

'नेटिव्ह सन'चा इतिहासही चर्चेत घ्यावा, म्हणजे हे सगळं आजकालचं खूळ वाटणार नाही. सभासदांना दरमहा पुस्तक पाठवणाऱ्या बुक ऑफ द मंथ क्लबने ती निवडली, पण आधी काही भाग काढायला लावला. मूळ मजकूर १९९१ साली परत छापला गेला. १९४९ साली कृष्णवर्णीय लेखक जेम्स बाल्डविनने निषेधाच्या कादंबऱ्यांवर लिहिताना राइट यांच्यावर टीका केली की अशा कादंबरीत माणूस हरवतो आणि त्याचा नमुना उरतो. त्याच्याही आधी, १९२६ साली, कवी लँग्स्टन ह्यूजने कृष्णवर्णीय कलावंतावर दोन्ही बाजूंनी येणाऱ्या दबावाबद्दल लिहिलं होतं: आपले लोक म्हणतात सभ्य लिही, गोरे म्हणतात ठरलेल्या साच्यात लिही. मंकचं भांडण जवळजवळ शंभर वर्षं जुनं आहे.

मोजपट्टी

तिसऱ्या गटाच्या बाजूने मीही बोलते. कॉर्ड जेफरसनला २०२४च्या मार्चमध्ये रूपांतरित पटकथेचं ऑस्कर मिळालं. त्याआधी २०२३च्या सप्टेंबरात टोरोंटो महोत्सवात प्रेक्षकांच्या मतांवर दिला जाणारा पुरस्कार मिळाला. पुरस्कार देणाऱ्या परीक्षकांवर टीका करणारा सिनेमा परीक्षकांना इतका आवडावा, याचा अर्थ टीका झेपण्याइतकीच होती, असा आक्षेप आहे आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. तरी मी त्याला पूर्ण मान देत नाही, आणि त्याचं कारण सिंटाराचा प्रसंग.

परीक्षणाच्या मधल्या सुट्टीत मंक तिला विचारतो की तुझं पुस्तक आणि हे स्टॅग लीचं पुस्तक यांत फरक काय. ती शांतपणे सांगते की तिने माणसांशी बोलून, अभ्यास करून लिहिलंय. वाचकाला हवं ते देण्यात तिला लाज वाटत नाही. कृष्णवर्णीय माणसं यापेक्षा वेगळंही जगू शकतात, त्यांच्यात ती क्षमता आहे, असं मंक म्हणतो तेव्हा ती उलट दाखवते की 'क्षमता' हा शब्द समोर असलेलं अपुरं वाटलं की सुचतो. म्हणजे मंकच्या रागात सुखवस्तू घरातला तिटकाराही मिसळलेला आहे. तिने त्या तिटकाऱ्याचं सरळ नाव घेतलं. त्याच्याकडे उत्तर नसतं. बहुतेक प्रतिक्रियांमध्ये या प्रसंगाचा उल्लेखही नसतो, कारण हसणारे तोवर मंकच्या बाजूला जाऊन बसलेले असतात. शेजारीण कोरलाइनला ते पुस्तक आवडलेलं असतं म्हणून मंक तिच्यावर भडकतो, तो प्रसंगही याच बरोबर ठेवा. वाचकाला काय आवडावं हे मंकही ठरवायला बघतो, अगदी प्रकाशकासारखं.

माझी तक्रार एवढीच की सिंटाराशी झालेलं बोलणं सिनेमा पुढे नेत नाही. ते आणखी दहा मिनिटं चाललं असतं तर सिनेमा जास्त धारदार झाला असता.

आकडेही जवळ ठेवा, 'हे अतिशयोक्त आहे' असं कुणीतरी म्हणणारच. २०२० साली न्यूयॉर्क टाइम्सने छापलेल्या पाहणीत १९५० ते २०१८ या काळातल्या, लेखकाचा वंश समजू शकला अशा ७,१२४ इंग्रजी कथात्म पुस्तकांपैकी ९५ टक्के गोऱ्या लेखकांची निघाली. एकट्या २०१८ सालात गोरे नसलेल्या लेखकांचा वाटा ११ टक्के. ली अँड लो या प्रकाशनसंस्थेच्या २०१९च्या सर्वेक्षणात अमेरिकन प्रकाशन व्यवसायातले ७६ टक्के कर्मचारी गोरे होते. वाटा इतका लहान असला की प्रत्येक पुस्तकावर सगळ्या समाजाचं प्रतिनिधित्व करायचं ओझं येतं, आणि मंक-सिंटारा यांचं भांडण तिथूनच उगवतं.

पारिजात_७

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रसंग निश्चित झाले. आता पाऊण तास कसा वाटायचा, आणि शेवटाबद्दल विचारलं तर काय सांगायचं?

तिसरी_रांग

सिनेमा संपला की लगेच बोलायला लावू नका. पाच मिनिटं द्या आणि प्रत्येकाला एक चिठ्ठी: वरच्या अर्ध्यात 'मी कुठे हसलो', खालच्या अर्ध्यात 'कुठे हसू आवरलं किंवा हसल्याचं नंतर बरं वाटलं नाही'. नाव लिहायचं नाही. चिठ्ठ्या गोळा करून प्रसंगांप्रमाणे लावा. आधी बोललं तर पहिल्या बोलणाऱ्याचं मत सगळ्यांचं होतं, आणि लोक आपलं खरं हसू लपवतात.

मग दहा मिनिटं फक्त कुटुंबावर. हे मुद्दाम आधी, कारण उपहासापासून सुरुवात केली की कुटुंबाकडे कुणी परत येत नाही. पुढची वीस मिनिटं फोन, परीक्षक मंडळ आणि सिंटारा, प्रत्येकी एकेक प्रसंग पुन्हा दाखवून. उरलेली दहा शेवटासाठी. वर्गातला पहिला प्रसंग तुम्ही स्वतः काढू नका. त्यावर चर्चा गेली की 'हल्ली लोक फार हळवे झालेत' या विषयावर अर्धा तास जातो. चिठ्ठ्यांमध्ये फारच आला तर एक वाक्य पुरे: तो प्रसंग मंकला रजेवर घरी पाठवण्यासाठी आहे, आणि मंकचं वागणंही तिथे चांगलं नाही.

दुसरी घसरगुंडी, 'म्हणजे गरिबीवर, हिंसेवर लिहूच नये का?' सिनेमा तसं म्हणत नाही. एजंट आर्थर एकाच कंपनीच्या स्वस्त, मध्यम आणि महाग दारूच्या बाटल्या मांडून दाखवतो की सगळ्या प्रकारचं विकता येतं. कृष्णवर्णीय लेखकाकडून एकाच प्रकाराची मागणी होते, ही तक्रार आहे. तिसरी म्हणजे जातीशी लगेच लावलेली तुलना. मोह होतो, पण पाऊण तासात अमेरिकेतला वर्णभेद आणि जात दोन्ही अर्धवट राहतात. ती वेगळ्या दिवशी घ्या.

शब्दखूण

शेवटाचं मी सांगतो. पुरस्कार सोहळ्यात मंक व्यासपीठावर जातो, काहीतरी कबूल करणार तोच पडदा काळा होतो. मग कळतं की हे सगळं मंक, त्याच्या पुस्तकावर सिनेमा काढणाऱ्या वायलीला पटकथा म्हणून ऐकवतोय. वायलीला अर्धवट शेवट नको. मंक दुसरा सांगतो: सोहळा सोडून कोरलाइनकडे माफी मागायला धावणं. तोही नको, फार गोड. तिसऱ्यात पोलीस सभागृहात घुसतात आणि हातातल्या पुरस्काराला बंदूक समजून मंकला गोळ्या घालतात. वायली खूश होतो, हाच घ्यायचा.

गोंधळ होतो कारण लोक विचारतात, 'खरं काय घडलं?' तो प्रश्न बाजूला ठेवायला लावा आणि विचारा: तुम्हाला स्वतःला कुठला शेवट हवा होता? हात वर करून मोजा. काहींना माफी हवी असते, काहींना कबुली. गोळीबाराला बहुधा कुणी हात वर करत नाही, पण तो बघताना 'हो, असंच होणार' असं किती जणांना वाटलं हेही विचारा. पडद्यावर वायली करतो तेच काम आपण मनात करत होतो का, हे त्या हातांवरून दिसेल.

आणि दिवे लावायची घाई करू नका. त्यानंतर स्टुडिओच्या आवारात गुलामाच्या वेशातला एक कृष्णवर्णीय नट दोन चित्रणांच्या मधे नुसता बसलेला दिसतो. त्याची आणि मंकची नजरानजर होते, खुणेने ओळख दिली जाते, आणि मंक भावाच्या गाडीत बसून निघून जातो. संवाद नाही. गेल्या दोन तासांत मंकने कुणालाही न समजावता कळलेली बहुधा ही एकच गोष्ट असेल. बरेच जण तोवर उठून बाहेर निघालेले असतात, म्हणून सुरुवातीलाच सांगून ठेवा की नावं सुरू होईपर्यंत बसायचं आहे.